आठ तारांचा खर्ज

चर्चमधलं समाप्तीचं गीत संपलं. लोक बाकांतून उठून दाराकडे सरकू लागले. सालोमीने गळ्यातली बास गिटार उतरवण्याआधी सवयीने वाकून स्पीकरचा आवाज बंद करायला बटण धरलं, आणि बटण फिरेना. ते आधीच शून्यावर होतं. तिला वाटलं, आपणच आत्ता फिरवलं असेल आणि विसरलो. वय झालं की हात अशा गोष्टी परस्पर करतात. पण हात तर आत्तापर्यंत तारांवर होते. लाल दिवा लागलेला होता, वायर दोन्हीकडे नीट बसलेली होती. तिने बटण थोडं वर नेलं आणि सगळ्यात जाड तारेला अंगठा लावला. स्पीकरवरचं कापड थरथरलं. तिने ते बोटाने पाहिलं, कानाने नाही. मग तिने बटण पुन्हा होतं तिथे नेऊन ठेवलं, दुसऱ्याच्या घरातली वस्तू चुकून हलवल्यासारखं. वर पाहिलं तर कीबोर्डची वायर गुंडाळणारी नताशा तिच्याकडे बघत होती. नजरानजर होताच नताशाने मान खाली घातली, गुंडाळलेली वायर सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.

रविवारची सबंध उपासना, सबंध मिस्सा आपण वाजवली होती. प्रवेशगीत, अर्पणगीत, ख्रिस्तप्रसादाच्या वेळची लांबलचक गाणी, सगळं. अर्पणगीताच्या दुसऱ्या कडव्यात तर तिने नेहमीपेक्षा एक जास्तीचा स्वर घालून खाली उतरायची वाट काढली होती आणि मनात म्हटलं होतं, आज बरं लागतंय. कुणाला लागत होतं ते? लाकूड पोटाशी थरथरत होतं, बरगडीला आतून कुणी हळू थोपटावं तसं, आणि त्या थरथरीलाच ती आवाज समजत होती. कधीपासून? गाण्यांची पुस्तकं गोळा करत रिचर्ड सर जवळून गेले. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण चर्चचं गायनमंडळ ते अजून वर्गासारखंच चालवत. "छान झालं हं, सालोमी," ते म्हणाले. दर रविवारी म्हणत तसंच. "थँक्यू सर," ती म्हणाली. दर रविवारी म्हणे तसंच.

निर्मळहून नायगावला परतताना पॉल स्कूटर चालवत होता आणि ती मागे बसली होती, पाठीला बासची काळी पिशवी. केळीच्या वाड्या मागे पडल्या, रस्ता रुंद झाला, समोर नायगावचे टॉवर एकामागून एक उभे राहू लागले. पॉल मान किंचित वळवून काहीतरी सांगत होता. त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा येत होता; शब्दांच्या कडा ऐकू येत, पोट नाही. लग्नाआधी याच आवाजाने ती भुलली होती. बारीक अंगाचा मुलगा आणि आवाज विहिरीतून येणारा. आता तो आवाज एखाद्या परक्या, किरट्या माणसाचा झाला होता आणि पॉलला त्याची कल्पना नव्हती. काही दिवसांपूर्वी स्वयंपाकघरात तिला वाटलं होतं की फ्रिज बंद पडला. तिने दार उघडलं तर आत दिवा. फ्रिजच्या पाठीवर हात ठेवला तर तो गुरगुरत होता. पॉल रात्री घोरायचा थांबला, बरं झालं, असंही तिला वाटलं होतं. बऱ्याच रात्री शांत झोप लागत होती. त्याआधी चक्कर यायची. भाजी चिरता चिरता ओटा एका बाजूला कलायचा, उजव्या कानात पाणी गेल्यासारखं व्हायचं, मग डाव्याही. वसईतल्या कानाच्या डॉक्टरने, तरुण मुलगी होती, काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि कागदावरची, डावीकडे खाली पडलेली रेघ दाखवली. कानाच्या आत एक पाणी असतं, त्याचा दाब वाढतो, असं काहीसं ती म्हणाली. "वरचे स्वर तुम्हाला छान ऐकू येतात. खालचे गेलेत. कधीकधी परत येतात."

"आणि नाही आले तर?"

"मग मेंदू सवय करून घेतो."

घरी तिने चक्करेवरच्या गोळ्या आणल्याचं सांगितलं. एवढंच. बाकीचं सांगितलं की खरं होईल, असं काहीतरी वाटलं असावं. आणि मेंदूने खरंच सवय करून घेतली होती. इतकी की स्पीकर बंद असताना त्याने तिला आतल्या आत बास ऐकवला होता.

खालचा आवाज तिला जन्मापासून मिळालेला होता. तिचे पपा, गॅब्रिएल, लग्नाच्या बँडमध्ये सगळ्यात मोठं पितळी वाद्य वाजवत. अंगाभोवती वेटोळं घालून खांद्यावर तोंड उघडणारं ते धूड होतं. वाडीतल्या केळींना पाणी सोडून, हातपाय धुऊन, पांढरा शर्ट घालून ते संध्याकाळी निघत, आणि जवळचं लग्न असलं की सालोमी त्यांच्या डाव्या बाजूने चाले. बाकीच्या मुली पुढे कर्ण्यांपाशी नाचत. तिला ते कर्णे टोचत. पपांच्या बाजूला मात्र जमिनीतूनच काहीतरी वर येई, तळपायातून पोटरीत, पोटरीतून पोटात. ते ऐकावं लागत नसे, त्यात उभं राहता येई. पुढे पपांचे पुढचे दात गेले. कवळी बसवली, पण तिच्यावर फुंक धरेना. बँडवाल्यांनी त्यांना काढलं नाही. ते वाद्य खांद्यावर घेऊन मागच्या रांगेत नुसते चालत, गाल फुगवत, बोटं दाबत. खर्ज दुसराच कुणी नवा मुलगा वाजवी. सालोमी तेव्हा कॉलेजात होती, आणि आगाशीच्या एका लग्नात ती बाजूने चालत असताना तिच्या तळपायांना ते कळलं. घरी आल्यावर तिने विचारलं, "पपा, तुम्ही वाजवत नाही ना?" ते ओसरीवर पाय पुसत होते. "नाही ग. फुंकच राहत नाही." मग पाय पुसून झाल्यावर म्हणाले, "चालायला तर मिळतं." त्यांच्या चेहऱ्यावर कसलंही दुःख नव्हतं, निदान तिला दिसलं नाही. ते वारले तेव्हा बँडमधल्या सगळ्यांनी येऊन वाजवलं. तिने त्यानंतर बास शिकायला घेतला. गायनमंडळात बास वाजवणारी बाई तेव्हा कुणी पाहिली नव्हती, आणि पहिले काही रविवार म्हाताऱ्या बायका तिच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघत बसत.

पुढच्या सरावाला तिने मुद्दाम बटण मध्यावर ठेवलं आणि पाणी प्यायला बाहेर गेली. माठ दाराशीच होता. ग्लास तोंडाला लावून ती आत बघत राहिली. रिचर्ड सर कुणाशी तरी बोलत बोलत स्पीकरपाशी आले, वाकले, बटण खाली नेलं आणि तसेच बोलत पुढे गेले. काही चोरून केल्याचा भाव त्यांच्या अंगात नव्हता. झोपलेल्या पोराच्या अंगावरची चादर सारखी करावी, तेवढ्याच हलक्या हाताने त्यांनी ते केलं होतं. तो हलकेपणा तिला सहन होईना. त्यांनी रागाने केलं असतं तर भांडता आलं असतं. ती आत आली, पट्टा गळ्यात घातला आणि वाजवू लागली. नताशाचा डावा हात कीबोर्डच्या खालच्या टोकाला होता. खर्ज तो हात भरत होता, आणि बरेच दिवस भरत असणार, कारण त्यात चाचपडणं नव्हतं. सालोमीने सगळी गाणी नीट वाजवली. बोटं दाबली, सोडली, मान हलवली. पपांच्या मागच्या रांगेत आपण चालतोय, असं तिला वाटत होतं. चालायला तर मिळतं. पण पपांनी ते स्वतः घेतलं होतं. कुणाच्या तरी लग्नात, बँडवाल्यांच्या डोळ्यांत बघून, मी वाजवणार नाही पण चालेन, असं काहीतरी ठरलं असणार. तिच्याशी कुणी काही ठरवलं नव्हतं. पंधरा-वीस माणसं मिळून तिला सांभाळत होती, आणि त्या सगळ्यांमध्ये काय चाललंय हे ठाऊक नसलेली ती एकटी होती. आता ठाऊक झालं होतं आणि तरी ती वाजवत होती. "छान," सर म्हणाले.

त्यानंतर सर्दी, मग कारखान्यातलं काम, मग पुन्हा सर्दी. ती सरावाला गेली नाही. वसई पूर्वेला व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवणाऱ्या एका कारखान्यात ती मुलगी असताना सोल्डरिंगच्या टेबलावर लागली होती. आता ती तिथेच ऑफिसात माल रवाना करायचं बघे. जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर वाद्यांच्या जाहिराती बघायची तिची जुनी खोड होती. तिथे तिला तो दिसला. आठ तारांचा बास, कुठल्याशा चिनी कारखान्याचा, अगदी स्वस्तातला, आगाशीचा कुणी डिलन विकत होता. असा बास तिला फक्त ऐकून माहीत होता. त्यात प्रत्येक जाड तारेला चिकटून एक बारीक तार असते. दोन्ही एकाच बोटाखाली दाबायच्या. जाड तार खालच्या सप्तकात बोलते, बारीक तोच स्वर वरच्या सप्तकात. खालचा सा आणि वरचा सा एकाच वेळी. तिने ते पुन्हा एकदा वाचलं. रविवारी मिस्सेच्या वेळी ती चर्चला न जाता आगाशीला गेली.

डिलनने लग्नानंतर बँड सोडला होता. त्याने पलंगाखालून तो काढला. धूळ पुसली, छोट्या स्पीकरला जोडला. "आंटी, सांगून ठेवतो, हा सुरात राहत नाही," तो म्हणाला. "आणि मान जड आहे, सोडला की खाली पडतो." तिने मांडीवर घेतला आणि सगळ्यात खालची जोडी वाजवली. जाड तार पोटाशी थरथरली, आणि तिच्यावर, स्वच्छ, किंचित बेसूर, बारीक तार बोलली. सालोमी थांबली. पुन्हा वाजवली. मग मानेवरच्या पट्ट्यांमधलं एकेक घर वर चढत गेली. वाडीत रात्री पाणी सोडायला पपा केळींच्या आत उतरत तेव्हा ते दिसत नसत, पण बांधावरून त्यांच्याबरोबर चालणारा कंदील दिसे. कंदील कुठे आहे त्यावरून पपा कुठे आहेत हे आईला कळे. तसंच होतं हे. खालचा तिला दिसत नव्हता. तो कुठे चालला आहे हे कळत होतं. "घ्यायचाय?" डिलनने विचारलं. तिने मान हलवली. मग पर्स उघडली.

घरी बाल्कनीतल्या टेबलावर तिने तो उघडा केला. तारा सोडवताना कळलं, वरून नवं वाटणारं हे वाद्य कुणीतरी घाईत जोडलेलं आहे. माथ्याजवळच्या प्लॅस्टिकच्या पट्टीत तारांच्या खाचा वेड्यावाकड्या होत्या. बारीक तारा त्यांत अडकून कुरकुरत. तिने बारीक कानशीने एकेक खाच खोल केली, तार बसवून बघितली, काढली, पुन्हा घासली. मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची टोकं बोटाला लागत होती, ती गोल केली. गळ्यात घालायच्या पट्ट्याचा खिळा काढून दुसरीकडे बसवला तेव्हा मान खाली पडायची थांबली. प्रत्येक जोडीला शेवटाकडे एकच टेकू होता, त्यामुळे जाड तार सुरात आणली की वरच्या घरांत बारीक बिनसे, बारीक आणली की जाड. यावर उपाय नव्हता. दोघींनी थोडं थोडं सोडायचं, एवढाच. ती बारीककडे झुकली, कारण तीच तिला ऐकू येत होती; मग तिला वाटलं, लोकांना तर दोन्ही ऐकू येणार, आणि टेकू पुन्हा मागे नेला. पॉल चहा घेऊन आला, टेबलाशी उभा राहिला. "चांगला बास असताना हे कशाला?" "गंमत," ती म्हणाली. तो थोडा वेळ तिच्या हातांकडे बघत राहिला. कारखान्यात तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही तो असाच हातांकडे बघत राहिला होता. तेव्हा तो तिथे वायरिंग करायला येई.

ती आठ तारा घेऊन सरावाला गेली. आवाजाचं बटण स्वतः वर केलं आणि त्याच्यासमोर पाय रोवून उभी राहिली, म्हणजे कुणाला वाकता येऊ नये. पहिल्याच गाण्यात गाणारे वळून बघू लागले. तिला सगळं कळत होतं. बऱ्याच दिवसांनी स्वर बोटाखाली कुठे आहे हे कळत होतं, आणि त्या आनंदात ती दुसरं कडवं जरा जोरातच वाजवून गेली. गाणं संपल्यावर मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. रिचर्ड सरांनी चष्मा काढून पुसला. "सालोमी, हे जरा... मँडोलिनसारखं येतंय. लग्नाला चाललं असतं."

"आंटी, झणझण खूप आहे," नताशा म्हणाली, खाली बघून. "गाणाऱ्यांचे सूर झाकले जातात."

दोघंही खरं बोलत होती. तिला ज्याने ऐकू येत होतं, त्यानेच बाकीच्यांचं ऐकणं बिघडत होतं. त्या क्षणी सांगता आलं असतं. ओठांपर्यंत आलंही. पण सर लगेच म्हणाले, "तुझा जुनाच आण. तो छान वाजतो," आणि त्या 'छान'ने तिचे ओठ मिटले. तिने बास पिशवीत घातला, चेन लावली.

सबंध आठवडा तिला त्या झणझणीशिवाय काही सुचलं नाही. ऑफिसात फोनवर माणसं किरट्या आवाजात बोलत, ती हो-नाही करी. एका दुपारी, एका गिऱ्हाइकाला स्टॅबिलायझरच्या दोन वायरींपैकी कुठली कुठे लावायची ते समजावताना ती मध्येच गप्प झाली. नव्या बासच्या तारांखाली आवाज उचलणारी दोन चुंबकं होती. एक मानेजवळ, एक टेकवांजवळ. मानेजवळचं गोल, जाड आवाज उचलतं. टेकवांजवळचं तिखट, बारीक. दोघांच्या वायरी पोटात एकत्र करून एकाच तोंडातून बाहेर काढल्या होत्या. एकत्र कशाला? घरी येऊन तिने मागचं झाकण उघडलं. मानेजवळच्या चुंबकात बारीक तारांखालचे स्क्रू खोल फिरवले, म्हणजे त्या तारा त्याला कमी कळाव्यात. त्याची वायर मोठ्या स्पीकरसाठी ठेवली. दुसऱ्या चुंबकाची वायर कापून लाकडाच्या कडेला नवं भोक पाडलं आणि तिथून ती कमरेला लावायच्या एका छोट्या डबीत नेली, डबीतून इअरफोन कानात. जाड तारा लोकांना. बारीक तिला. सोल्डरचा धूर नाकात गेला तसं तिला टेबलावर ओळीने बसलेल्या मुली आठवल्या, सगळ्यांच्या माना एकाच कोनात वाकलेल्या, आणि त्या ओळीत ती कधी कुणाच्या मागे नव्हती.

जोडून झाल्यावर तिने स्पीकर चालू केला. "पॉल, जरा ये. कसा वाटतो बघ."

"घूं होतंय," पॉल दारातून म्हणाला.

"कुठे?"

"कुठे म्हणजे? सगळीकडे. एवढं मोठं." तो जवळ आला. तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "सालोमी, तुला ऐकू येत नाही?"

तिने बास मांडीवरून खाली ठेवला नाही. ठेवला असता तर हातांना काम उरलं नसतं. "खालचं काहीच येत नाही," ती म्हणाली. "फ्रिज, लिफ्ट, काही नाही. तुझा आवाजही अर्धाच येतो. चांगला येत नाही." पॉल पलंगाच्या कडेवर बसला. कधीपासून, डॉक्टर काय म्हणाली, मला का नाही सांगितलंस, असं तो एकेक विचारत गेला आणि ती उत्तरं देत गेली. चर्चमधलं बटणही सांगितलं. ते ऐकून तो ताडकन उठला. "रिचर्ड सरांना मी बघतो." "तू काही बघू नकोस," ती म्हणाली. "तू फक्त घूं थांबलं की सांग." मग तिने तांब्याची चिकट पट्टी आणून बासच्या पोटाची पोकळी आतून मढवली, एकेक वायर हलवून बघितली, आणि पॉल समोर उभा राहून मान हलवत राहिला, आहे, आहे, अजून आहे. मग त्याने हात वर केला. गेलं, असं तो तोंडाने म्हणाला असावा. तिला त्याचे फक्त ओठ दिसले, आणि डोळे भरलेले.

गावचा सण जवळ आला होता. शेवटच्या सरावाला ती लवकर गेली. सर एकटेच बाकांवर पुस्तकं मांडत होते. तिने पिशवी खाली ठेवली. "सर, माझा आवाज तुम्ही शून्यावर नेता, ते मला माहीत आहे."

सरांच्या हातातलं पुस्तक हातातच राहिलं. ते बाकावर बसले. बसल्यावर ते एकदम म्हातारे दिसू लागले. "तू स्वर सोडून वाजवायला लागली होतीस," ते म्हणाले. "कधी अर्धा, कधी जास्तच. नताशा रडली एकदा, आंटींना कोण सांगणार म्हणून. मी म्हटलं, मी सांगतो. मग सांगवेना. गॅब्रिएलच्या पोरीला मी कसं सांगू की तुला सूर कळत नाही? म्हणून मग..."

"मला सूर कळतो. ऐकू येत नाही," ती म्हणाली, आणि कान, डॉक्टर, बारीक तार, दोन वायरी, सगळं सांगून टाकलं. सांगताना वाटलं त्यापेक्षा ते लहान निघालं. "आता चुकलं तर तोंडावर सांगा. सगळ्यांसमोर सांगा. पण मला न कळत बंद करू नका."

"बरं," सर म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

सणाच्या मिस्सेला चर्च भरून लोक मांडवात बसले होते. तिच्या डाव्या कानात बारीक तारांचा कंदील चालत होता. समोर स्पीकरचं कापड हलत होतं, आणि तिथून काय निघतंय ते तिच्याखेरीज सगळ्यांना ऐकू जात होतं. पहिल्या गाण्यात नताशाचा डावा हात सवयीने खाली आला, घुटमळला, आणि वर निघून गेला. अर्पणगीत झालं. लोक ख्रिस्तप्रसादाला उठले, रांगा लागल्या, सगळ्यात लांब गाणं सुरू झालं, आणि दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी कानात एकदा खर्रर्र झालं आणि सगळं बंद पडलं. तिनेच सोल्डर केलेला वायरीचा सांधा. घाईत दिलेला, कडेच्या भोकाशी. लाकूड पोटाशी थरथरत होतं, त्या थरथरीवर भरवसा ठेवायचा नाही हे ती शिकली होती. थांबावं, असं वाटलं. मांडवापर्यंत माणसं होती. आपण थांबलो तर खालून जमीन काढून घेतल्यासारखं होईल, आणि नाही थांबलो आणि चुकलो तर तेच होईल. तिने डाव्या हाताकडे पाहिलं. घरं मोजली. हे गाणं तिने या चर्चमध्ये एवढ्या वेळा वाजवलं होतं. वधूवरांसाठी, बाप्तिस्म्यांना, पपांच्या मिस्सेला. बोटांना ते ठाऊक असायला हवं होतं. तिने ओठांकडे बघून गाणाऱ्यांचे श्वास धरले आणि बोटं जातील तिकडे जाऊ दिली. रांग पुढे सरकत होती. कुणी वळून पाहिलं नाही. पण आजवरही कुणी वळून पाहिलं नव्हतं, तेव्हा त्यावरून काही कळत नव्हतं. कडवं संपलं, ध्रुवपद आलं, पुन्हा कडवं. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. तिच्या आयुष्यात इतकं निःशब्द असं काही तिने वाजवलं नव्हतं.

मिस्सा संपल्यावर ती सरांपाशी गेली. "ख्रिस्तप्रसादाच्या गाण्यात वायर तुटली. मला काहीच येत नव्हतं. चुकलं का?"

"नाही," सर म्हणाले.

"खरं?"

"नाही चुकलं, सालोमी."

तिने त्यांचा चेहरा निरखून पाहिला. तोच जुना चेहरा, मायाळू, थोडा थकलेला. त्यात खरं होतं की दया होती, हे ओळखायची खूण तिच्याजवळ उरली नव्हती. पॉलला विचारावं, तर पॉल मांडवात उभा होता आणि त्याला सूर कळत नसे. तिला वाटलं, सर खोटं बोलले असतील तर हरकत नाही. फक्त ते मला समजलं असतं तर बरं झालं असतं. घरी येऊन तिने सांधा पुन्हा दिला, यावेळी सावकाश, आणि वायर ओढून बघितली. मग 'नाही' या शब्दाचा आवाज ती मनात पुन्हा पुन्हा ऐकत राहिली. त्याचा वरचा अर्धाच भाग तिच्यापाशी होता.

पुढच्या आठवड्यात नव्या गाण्याचा सराव होता. मंडळातली सगळी होती. बाहेर कुणाची तरी लहान मुलं अंगणात खेळत होती. पहिली ओळ झाली, दुसरी सुरू झाली, आणि रिचर्ड सरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. गाणं तुकड्यातुकड्यांनी बंद पडलं. कुणाचं चुकलं म्हणून सगळे इकडेतिकडे बघू लागले. सरांचं तोंड लाल झालं होतं. त्यांनी एकदा घसा खाकरला.

"सालोमी," ते म्हणाले, "तुझं चुकलं. दुसऱ्या ओळीत तू एक घर वर गेलीस."

 नताशाने डोळे मिटून घेतले होते. सालोमी सरांकडे बघत राहिली. त्यांची नजर या वेळी हलली नाही. कानातल्या इअरफोनमध्ये बारीक तार अजून हळूच गुणगुणत होती, आणि ती खरंच वर होती. तिला सणाची मिस्सा आठवली, तो घाम, ती रांग, आणि सरांचं ते 'नाही'. ते 'नाही' आता तिला पूर्ण ऐकू आलं.

"सॉरी सर," ती म्हणाली. "पहिल्यापासून घेऊ?"

"घेऊ," सर म्हणाले.

तिने बोट एक घर खाली आणलं.